दुःखाच्या दिवसांत प्रेमकवितेची सोबत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत कोणीतरी शिकलेली बाई बोलते. डॉक्टरीणबाई बोलल्या, वकीलबाई बोलल्या, मागच्या वर्षी शाळेच्या बाईंनी फार छान सांगितलं. यंदा चिटणीसबाईंनी माझं नाव घेतलं, तेव्हा मला वाटलं, त्या थट्टा करताहेत. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. गावात सातवीच्या पुढे शाळा नव्हती, आणि मुलीला मूर्तिजापूरला पाठवावं असं वडिलांच्या मनात आलं नाही. मी त्यांना म्हटलं, "बाई, मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "तू मंडळाच्या कपाटातलं काय वाचलंस आणि त्याने तुला काय झालं, तेवढंच सांग."

म्हणून आज मी प्रेमकवितेवर बोलणार आहे. मागच्या रांगेतल्या मुली हसल्या, ते मला दिसलं हं! हसा. मीही पूर्वी हसलेच असते. प्रेमकविता म्हणजे कॉलेजातल्या पोरापोरींचं काम, चूल-मूल सांभाळणाऱ्या बाईचा तिच्याशी काय संबंध, असंच मला वाटे. आणि ज्या बाईचा नवरा गेला, तिचा तर मुळीच नाही. पण मला तिची गरज पडली ती नेमकी तेव्हाच. ते कसं, ते तुम्हाला सांगते.

तुमच्यातल्या बऱ्याच जणींना माझी हकीगत ठाऊक आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत साऱ्या महाराष्ट्राच्या आधी आपल्या अमरावतीत कोरोनाची दुसरी लाट आली आणि पुन्हा टाळेबंदी लागली, ते दिवस कोणी विसरलं नसेल. आमचे हे एका जिनिंगमध्ये हिशेबाचं काम करीत. कापसाचा हंगाम चालू होता. यांच्या अंगात दोन दिवस कणकण होती. मी म्हटलं, आज जाऊ नका. हे म्हणाले, गाड्या उभ्या आहेत, काटा कोण लिहील? त्यावरून आमचं भांडण झालं. मी डबा दिला, पण दारापर्यंत गेले नाही. रोज जात असे. हे चपला घालताना आतल्या बाजूला पाहून म्हणाले, "संध्याकाळी बोलू." मी उत्तर दिलं नाही.

त्या दुपारीच यांना तिथे धाप लागली आणि तिथूनच दवाखान्यात नेलं. आत्याबाई, मुलगी आणि मी, आम्हा तिघींना घरातून बाहेर पडायची बंदी झाली. फोन लावला की नळीचा आवाज ऐकू येई, बोलणं होत नसे. नवव्या दिवशी निरोप आला. तोंड पाहायला मिळालं नाही. जे काही केलं ते नगरपालिकेच्या माणसांनी केलं. ते "संध्याकाळी बोलू" तसंच राहून गेलं.

भगिनींनो, हे मी रडू आणायला सांगत नाही. त्या वर्षी कितीतरी घरांत असंच झालं. माझं दुःख काही जगावेगळं नव्हतं. पण त्या दुःखात एक काटा होता आणि तो कोणाला दाखवता येत नव्हता. मी रुसलेली होते. माणूस गेला, तरी माझा रुसवा गेला नव्हता. गेलेल्या माणसावर कोणी रुसतं का? लोक काय म्हणतील? म्हणून मी गप्प बसले, आणि माझं रडूही बंद झालं. बाया म्हणत, किती धीराची आहे. धीर कसला, मी आतून दगड झाले होते.

माणसं चांगली असतात. प्रत्येकीने आपल्या परीने आधार दिला. कोणी शेगावचा अंगारा आणला, कोणी गजानन विजय पोथी दिली. ती मी वाचली, आजही गुरुवारी वाचते. एकवीस अध्याय पुरे झाले की मन निवतं, हा माझा अनुभव आहे. कोणी सांगितलं, आत्मा अमर आहे, शोक करू नये. हे खरंच असेल. पण माझं भांडण आत्म्याशी नव्हतं हो! माझं भांडण त्या माणसाशी होतं, जो चहात साखर जास्त घालून पीत असे, दाढी करताना आपल्या अमरावतीच्या सुरेश भटांची गाणी गुणगुणत असे आणि माझं न ऐकता कामावर गेला होता. त्या माणसाशी बोलायचं कसं, हे मला पोथीत सापडेना. पोथीचा तो विषयच नव्हे.

पहिल्या संक्रांतीला मी मंडळात आले नाही. मला बोलावणं नव्हतं, आणि असतं तरी आले नसते. पण त्यानंतर एका दुपारी अध्यक्षीणबाई घरी आल्या आणि माझ्या हातात पुस्तकांच्या कपाटाची किल्ली ठेवली. म्हणाल्या, "शनिवारी दोन तास बसत जा. पुस्तकांना कसर लागली आहे. झाडून, कव्हरं घालून ठेव." त्यांनी मला उपदेश केला नाही, काम दिलं. त्यांचे ते उपकार मी या सभेत बोलून दाखवते.

त्या कपाटात सर्वांत खालच्या कप्प्यात, जुन्या दिवाळी अंकांच्या खाली एक पुस्तक निघालं. नाव 'कुसुमानिल'. मला वाटलं कादंबरी आहे. उघडून पाहिलं तर नुसती पत्रं. पानाला कव्हर घालता घालता वाचू लागले, आणि घरी जायची वेळ होऊन गेली तरी मला कळलं नाही.

हे पुस्तक ज्यांचं आहे ती दोघंही आपल्या वऱ्हाडातली, बरं का! कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, १९०१ साली मूर्तिजापूरला जन्मले. माझं माहेर त्याच तालुक्यातलं, आणि लहानपणी शकुंतला गाडी पाहायला आम्ही त्याच मूर्तिजापूरच्या टेशनावर जात असू. पण असा मोठा कवी त्या गावात जन्मला, हे मला चाळीशी उलटेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. आणि कुसुमावती जयवंत १९०४ साली आपल्या या अमरावतीत जन्मल्या. मूर्तिजापूर आणि अमरावती, गाडीने तास-दीड तासाचं अंतर. त्या दोघांची पत्रं १९२२ ते १९२७ या सालांतली आहेत. पत्रं सुरू झाली तेव्हा त्यांना एकविसावं लागलेलं आणि त्यांना अठरावं. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट ही! त्या काळी मुलीने परक्या मुलाला पत्र लिहायचं म्हणजे केवढं धाडस. पुढे कुसुमावती इंग्रजी साहित्य शिकायला विलायतेला गेल्या आणि परत आल्यावर १९२९ साली दोघांचं लग्न झालं. पहिल्या पत्रापासून लग्नापर्यंत सात वर्षं. आजकाल फोनवर उत्तर यायला पाच मिनिटं उशीर झाला तर आमच्या मुलींचा जीव खालीवर होतो!

पुढे अनिल मोठे कवी झाले. १९३२ साली त्यांचा 'फुलवात' हा संग्रह आला. मराठीत मुक्तछंद त्यांनी रुजवला असं जाणकार सांगतात. मुक्तछंद म्हणजे चाल नसलेली, पण वाचताना आपोआप लय लागते अशी कविता, एवढंच मला समजलं. कुसुमावतीबाईंनी गोष्टी लिहिल्या, मराठी कादंबरीवर मोठा ग्रंथ लिहिला, नागपूरला कॉलेजात शिकवलं. आणि १९६१ साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. त्या खुर्चीवर बसलेली ती पहिली बाई. संमेलनं १८७८ पासून भरत होती, म्हणजे ऐंशीहून अधिक वर्षं बाईचा मान लागला नव्हता. तो मान आपल्या अमरावतीच्या लेकीने मिळवला, याचा आपण अभिमान धरला पाहिजे. त्याआधी तीनच वर्षं, १९५८ साली मालवणच्या संमेलनाचे अध्यक्ष अनिल होते. एकाच घरात नवरा आणि बायको दोघंही अध्यक्ष!

आणि त्याच १९६१ च्या नोव्हेंबरच्या १७ तारखेला कुसुमावती गेल्या. नुकतं सत्तावन्नावं वर्ष पुरं झालं होतं.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं. पुढे वाचायची हिंमत होईना. पण मनात एक हिशेब सुरू झाला. बाई १९६१ ला गेल्या, आणि हे पुस्तक छापलं १९७२ साली. म्हणजे अनिलांनी अकरा वर्षांनी आपली आणि त्यांची तरुणपणीची पत्रं जगापुढे ठेवली. त्यानंतर १९७६ साली त्यांचा 'दशपदी' हा संग्रह आला. दहा ओळींची कविता, म्हणून दशपदी. गेलेल्या जिवलगाची उणीव त्यातल्या कित्येक कवितांत आहे. त्या पुस्तकाला पुढच्या वर्षी, १९७७ साली, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे बायको जाऊन पंधरा वर्षं झाली तरी हा माणूस तिच्याशी बोलतच होता! आणि मला तर वर्षश्राद्ध झाल्यावर सगळे म्हणू लागले होते, "वर्ष झालं, आता विसर, सावर." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की माझं काही चुकत नाही. एवढा शहाणा, मोठ्या हुद्द्यावर काम केलेला, जाणता माणूस पंधरा वर्षं विसरला नाही, तर मी सातवी शिकलेली बाई एका वर्षात कशी विसरणार?

'दशपदी' मिळवायला मला दोन महिने लागले. मुलीने तिच्या कॉलेजातून आणून दिलं. सगळ्या कविता मला कळल्या असं मी म्हणणार नाही. पण प्रेमाच्या कविता वाचता वाचता माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. प्रेमाच्या कवितेत रुसवा चालतो! नुसता चालत नाही, त्याला मान असतो. तिथे कोणी कोणावर रुसतं, अबोला धरतं, वाट पाहायला लावतं, आणि त्याला कोणी पाप म्हणत नाही. रुसवा हे प्रेमाचंच एक नाव आहे. ज्याच्यावर हक्क असतो, त्याच्यावरच माणूस रुसतो. तुम्ही कधी भाजीवाल्यावर रुसलात का? त्याच्याशी आपण भांडतो आणि दुसऱ्याकडे जातो. रुसतो ते आपल्या माणसावरच.

हे समजलं त्या रात्री मला रडू आलं. दीड वर्षात पहिल्यांदा.

आता आमच्या आत्याबाईंची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या आज इथे पुढच्याच रांगेत बसल्या आहेत, आणि त्यांची परवानगी घेऊनच मी सांगते. माझा नवरा गेला, तसा त्यांचा मुलगा गेला होता. आम्ही दोघी एका घरात राहून वर्षभर एकमेकींशी कामापुरतंच बोलत होतो. तिला पाहिलं की मला हे आठवत, मला पाहिलं की तिला. एका रात्री मी दिव्याखाली ते पत्रांचं पुस्तक वाचत होते. आत्याबाईंनी विचारलं, "काय वाचून रायली वं?" मी म्हटलं, "पत्रं आहेत. लग्नाआधीची, नवराबायकोची." त्या म्हणाल्या, "हे असलं वाचाचं वय हाये का तुवं? त्यापरीस पोथी वाच." मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने अंधारातून पुन्हा आवाज आला, "मंग, काय लिवते ते? मले बी वाचून दाखव."

मी वाचलं. आत्याबाईंना अक्षरओळख नाही, पण त्या असं ऐकत होत्या की बोलायची सोय नाही. एक पत्र झालं की म्हणत, "मंग तिनं काय उत्तर धाडलं?" आठ-दहा दिवस आमचा तोच नेम झाला. आणि एके रात्री त्या आपणहून मामंजींविषयी बोलू लागल्या. मामंजींना जाऊन पंचवीस वर्षं झाली. मी या घरात आले तेव्हापासून आत्याबाईंच्या तोंडून मी त्यांच्याविषयी एक शब्द ऐकला नव्हता. त्या रात्री त्यांनी सांगितलं की लग्नानंतर पहिल्या पोळ्याला मामंजींनी बैलांसाठी झुली आणल्या, आणि त्याच बाजारातून हिच्यासाठी चोरून काचेच्या बांगड्या आणल्या. सासूला कळू नये म्हणून तुरीच्या कोठीत लपवून ठेवल्या. हे सांगताना आत्याबाई लाजल्या हो! पंचाहत्तर वर्षांची बाई! मग एकदम म्हणाल्या, "पोरी, ह्याच्यावर रागाव. मी बी रागावली व्हती म्हातारऱ्यावर. असा कसा मले टाकून गेला म्हून. कोणाले सांगतलं नाई." आम्ही दोघी तेव्हा एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. सासू आणि सून राहिलोच नाही, दोन बाया होतो.

त्यानंतर मला माझी आजी आठवली. माझ्या आईची आई. ती ऐन तिशीत मागे राहिली होती. गावात पिठाची गिरणी कधीच आली होती, पण तुरीची डाळ मात्र ती घरच्या जात्यावरच भरडायची. पहाटे अंथरुणात पडल्यापडल्या मला तिच्या ओव्या ऐकू येत. आईबापाच्या, भावाच्या, विठ्ठलाच्या, आणि मध्येच भरताराच्या. त्याचा रुबाब, त्याचं घोंगडं, त्याची बाजारातून यायची वाट. मी लहान होते, मला वाटे आजोबा परगावी गेले आहेत. दिवसभर आजी त्यांचं नाव काढीत नसे. पण पहाटे जात्यापाशी तिचा आणि त्यांचा संसार चाले. जात्याच्या घरघरीत आवाज भिजला तरी कोणाला कळत नसे. भगिनींनो, प्रेमकविता आमच्या घरात पुस्तकातून आलीच नाही. ती जात्यावर होती, भुलाबाईच्या गाण्यांत होती. जाती गेली, आणि बाईची रडायची जागाही गेली. मिक्सरपाशी ओवी सुचत नाही!

माझ्या मनात एक शंका होती. अनिल पुरुष होते. पुरुषाने गेलेल्या बायकोवर कविता लिहिली तर लोक त्याचं कौतुक करतात. पण बाईने गेलेल्या नवऱ्यावर प्रेमाची कविता लिहिली तर? हे मी शाळेच्या बाईंना विचारलं. त्यांनी मला इंदिरा संतांचं नाव सांगितलं, आणि पुस्तकंही दिली.

इंदिरा संत बेळगावच्या. १९१४ सालचा जन्म. त्यांचे यजमान नारायण मुरलीधर संत हेही लिहिणारे होते. १९४० साली नवराबायकोने मिळून 'सहवास' नावाचा कवितासंग्रह काढला. नाव पाहा कसं! आणि १९४६ साली यजमान वारले. बाई बत्तीस वर्षांच्या, पदरी तीन लहान मुलं. त्यांनी शिक्षिकांना शिकवण्याची नोकरी केली, घर चालवलं, मुलं मोठी केली. आणि कविता लिहिली. १९५१ साली 'शेला' आला, १९५५ साली 'मेंदी', १९५७ साली 'मृगजळ'. शेला काय, मेंदी काय, ही तर सवाष्णीची लेणी! त्या काळी विधवेने मेंदी हाताला लावायची नाही, पण या बाईने ती आपल्या पुस्तकाच्या नावावर घेतली. मला त्यात फार मोठं धैर्य दिसलं. आरडाओरडा नाही, भाषण नाही. संध्याकाळ, पाऊस, घर, वाट अशा साध्या गोष्टींतून ती आपलं मन सांगते. वाचणारीला वाटतं, हिने माझ्या घरात डोकावून पाहिलं की काय. १९८४ साली त्यांच्या 'गर्भरेशीम' या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २००० साली, ८६ वर्षांच्या होऊन, त्या गेल्या. म्हणजे यजमान गेल्यावर चोपन्न वर्षं त्या ताठ मानेने जगल्या. प्रेम विसरून नव्हे, प्रेम बरोबर घेऊन.

आता मला यातून जे समजलं, ते थोडक्यात सांगते. चुकलं तर जाणत्या बायांनी सांभाळून घ्यावं.

पहिली गोष्ट अशी की दुःखाला शब्द लागतात, आणि आपल्याजवळ ते नसतात. आपण म्हणतो, "कसंतरीच होतं." डॉक्टरला नुसतं "कसंतरीच होतं" म्हटलं तर तो औषध काय देणार? कुठे दुखतं, कधी दुखतं ते सांगावं लागतं. कवीने ते नेमकं सांगून ठेवलेलं असतं. त्याच्या बोटाने आपण आपली दुखरी जागा दाखवू शकतो.

दुसरी, पोथी आपल्याला दुःखातून वर काढते. प्रेमकविता आपल्याबरोबर खाली बसते. दोन्ही लागतात. घरात आजारी माणूस असला तर कोणी औषध आणायला धावतं आणि कोणी उशाशी बसतं, तसंच हे आहे.

आणि तिसरी, माझ्या मते सर्वांत मोठी. माणूस गेला की लोक त्याचा देव करतात. भिंतीवर फोटो, फोटोला हार, आणि मग त्याच्याविषयी वेडंवाकडं बोलायचं नाही. पण देवाशी संसार करता येत नाही. प्रेमाच्या कवितेने मला माझा माणूस परत दिला. त्याच्या गुणांसकट आणि त्याच्या हट्टासकट. मी एक दोनशे पानी वही केली आहे. कविता मला येत नाही. मी रोज रात्री यांना चार ओळी लिहिते. आज गॅसची टाकी आली. मुलगी बारावी पास झाली. छपराचं काम करून घेतलं, मिस्त्रीने जास्त पैसे घेतले, तुम्ही असता तर भांडला असता. पहिल्या पानावर मात्र मी एवढंच लिहिलं, "संध्याकाळ झाली, आता बोलू." ते लिहून झाल्यावर रुसवा गेला. आणि काही दिवसांनी रेडिओवर सुरेश भटांचं गाणं लागलं. पूर्वी मी उठून बंद करीत असे. त्या दिवशी मी पोळ्या लाटता लाटता ते पुरं ऐकलं.

पण मी खोटं बोलणार नाही. कविता म्हणजे जादूचा अंगारा नव्हे. काही रात्री असं झालं की वाचून मन हलकं होण्याऐवजी अधिकच बुडालं, झोप उडाली, जेवण जाईना. तेव्हा पुस्तक मिटून ठेवावं आणि डॉक्टरला दाखवावं. मीही दाखवलं. मनाच्या डॉक्टरकडे गेलं म्हणजे वेड लागलं असं नसतं. आणखी एक. कवितेने सातबाऱ्यावर नाव चढत नाही, पेन्शनचा कागद सरकत नाही, मुलांची फी भरत नाही. त्यासाठी बाईला तलाठ्याकडे आणि बँकेत जावंच लागतं, आणि बरोबर जायला दुसरी बाई लागते. आपल्या वऱ्हाडात कर्जापायी कर्त्या माणसाने जीव दिल्याची घरं काही कमी नाहीत. त्या घरातल्या बाईच्या मनात केवढा राग, केवढा रुसवा असेल याची कल्पना करा. "मला न सांगता कसे गेलात" हे तिने कोणाला म्हणावं? तिला आपण धान्याचं पोतं देतो, ते दिलंच पाहिजे. पण तिचं म्हणणं ऐकायला कोणी बसतं का?

म्हणून शेवटी मंडळापुढे माझ्या दोन विनंत्या आहेत.

एक, महिन्यातून एका शनिवारी दुपारी कपाटापाशी आम्ही काही जणी बसू. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. अक्षरओळख नसली तरी चालेल, आत्याबाईंसारखी ऐकणारी लागते. ज्यांच्या घरातलं कोणी गेलं आहे, नवरा असो, मूल असो, बहीण असो, त्यांनी जरूर यावं. नियम एकच. तिथे कोणी कोणाला "आता विसर" असं म्हणायचं नाही.

दुसरी विनंती सांगताना मला संकोच वाटतो, पण सांगते. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला की नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. मग सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. एका खेड्याला जे जमलं ते आपल्या मंडळाला का जमू नये? येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं सगळ्या सभासदांना जाऊ द्या. कपाळाला काय लावायचं ते जिचं तिने ठरवावं. कोणी लावील, कोणी नाही लावणार. पण तिळगूळ घ्यायला दाराबाहेर कोणी राहू नये. माझ्या यांनी मला बावीस वर्षांपूर्वी पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घातले होते. ते गेले म्हणून ती संक्रांत झाली नव्हती, असं होत नाही.

कपाटाची किल्ली अजून माझ्याचजवळ आहे. शनिवारी तीन ते पाच मी असते. पुस्तक न्यायचं नसलं तरी या. नुसत्या बसा.